तळव्याकडे कोण बघतं?

त्वचेचा कॅन्सर म्हटलं की आपल्याला ऊन आठवतं, बीच आठवतो आणि गोरे लोक आठवतात. पण मेलॅनोमा नावाचा हा कॅन्सर शरीरात कुठे उगवतो, त्यावर त्याचं कारण, त्याचं वागणं आणि त्याचं औषधही बदलतं. आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो बहुतेक वेळा अशा जागी होतो, जिथे आपण कधी बघतच नाही.

सकाळचं रुटीन आठवा. फेसवॉश, मॉइश्चरायझर, मग दोन बोटं भरून सनस्क्रीन. एसपीएफ ५० आहे ना, चेहरा पांढराफटक तर दिसत नाही ना, दुपारी परत लावायचं का... यावर हॉस्टेलच्या रूममध्ये तासभर चर्चा होऊ शकते. मीही त्यातलीच. गालावर मोहरीएवढा नवा ठिपका आला तरी मला सकाळच्या आरशात लगेच दिसतो. पण दिवाळीत गावी गेले तेव्हा एक प्रश्न आला, "तुझ्या तळपायाला तीळ हाय का गं कुठं?" आणि मला उत्तरच देता येईना. पाय उचलून बघावं लागलं.

हा प्रश्न विचारला माझ्या मोठ्या काकूने. गाव साताऱ्याकडचं, घरची शेती, निम्मं आयुष्य अनवाणी गेलेलं. सहा वर्षांपूर्वी तिच्या टाचेवर एक काळा डाग दिसायला लागला. 'भोवरी असंल,' असं ठरलं. मेडिकलमधून भोवरीची पट्टी आणून झाली. कुणी सांगितलं म्हणून बिब्बा लावून झाला. डाग पसरत गेला, मधोमध चिघळला. काकूला शुगर आहे, त्यामुळे 'शुगरची जखम आहे, भरायला वेळ लागणार' असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि ड्रेसिंग सुरू झालं. मग जांघेत गाठ आली. त्यावर सगळे म्हणाले, पायाला जखम आहे म्हटल्यावर अवधाण येणारच. असं करत दीड वर्ष गेलं. शेवटी तालुक्याच्या गावातल्या एका तरुण डॉक्टर ताईंनी त्या डागावर भिंगाचं यंत्र टेकवलं, दोन मिनिटं निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "काकू, याचा छोटा तुकडा तपासायला पाठवू या." रिपोर्टमध्ये शब्द होता, मेलॅनोमा.

घरातल्या प्रत्येकाने गूगल केलं. सगळीकडे गोऱ्या पाठी, लालसर खांदे, समुद्रकिनारे आणि 'उन्हापासून जपा' हा सल्ला. माझे वडील वैतागून म्हणाले, "टाचेच्या खालच्या बाजूला ऊन लागतंच कुठे?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं लागली.

मार्लीचा अंगठा

ज्यांच्या खोलीत बॉब मार्लीचं पोस्टर आहे, त्यांच्यातल्याही अनेकांना तो कशाने गेला हे माहीत नसतं. १९७७ मध्ये त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली एक जखम होती, ती बरी होत नव्हती. मार्ली फुटबॉलवेडा. खेळताना लागलं असणार, असंच सगळ्यांनी धरलं. तपासणीत निघाला मेलॅनोमा. डॉक्टरांनी अंगठा काढून टाकायचा सल्ला दिला. मार्लीच्या रास्ताफारी श्रद्धेत शरीराचा भाग कापणं बसत नव्हतं, म्हणून त्याने नकार दिला असं सांगितलं जातं. नख आणि त्याखालचा भाग तेवढा काढला आणि मांडीची त्वचा तिथे लावली. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये जॉगिंग करताना तो कोसळला. तोवर कॅन्सर मेंदूपर्यंत गेला होता. ११ मे १९८१ रोजी तो गेला. वय ३६.

फुटबॉलमुळे कॅन्सर झाला, हा समज अजूनही फिरतो. जखमेमुळे कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. जखमेचा दोष वेगळाच, ती डागाला एक सोयीचं स्पष्टीकरण देते. 'लागलंय, जाईल' असं म्हणून आपण मोकळे होतो. मार्लीचं फुटबॉल आणि काकूची भोवरी यांत फार फरक नाही.

एक पेशी, अनेक पत्ते

आता थोडं बायॉलॉजी. आपल्या त्वचेला रंग देणाऱ्या पेशीला म्हणतात मेलॅनोसाइट. ती मेलॅनिन नावाचा रंग बनवते आणि आजूबाजूच्या पेशींना वाटते. गंमत अशी की, नॉर्वेतल्या माणसाच्या आणि आपल्या त्वचेत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो किती आणि कोणत्या प्रकारचं मेलॅनिन बनतं यात. आपलं गडद मेलॅनिन उन्हातली अतिनील किरणं बऱ्यापैकी अडवतं. म्हणूनच मेलॅनोमा भारतात दुर्मीळ आहे. दर एक लाख लोकांमागे वर्षाला एक रुग्णही भरत नाही. ऑस्ट्रेलियात हाच आकडा पस्तिशीच्या पुढे जातो.

पण मेलॅनोसाइट फक्त त्वचेत नसते. आपण आईच्या पोटात असताना पाठीच्या कण्याजवळ जिथे मज्जासंस्था तयार होत असते, तिथून या पेशींची पूर्वज मंडळी निघतात आणि अख्ख्या शरीरभर पांगतात. काही त्वचेत मुक्काम करतात. काही डोळ्याच्या आत जातात, काही तोंडाच्या आणि नाकाच्या आतल्या ओलसर अस्तरात, काही गुदद्वाराच्या आसपास, काही कानाच्या आतल्या भागात, तर काही थेट मेंदूच्या आवरणात. म्हणजे घर एकच, पण भावंडं वेगवेगळ्या गावांत स्थायिक झालेली.

यातली कुठलीही पेशी बिघडली आणि बेबंद वाढायला लागली की त्या कॅन्सरला मेलॅनोमाच म्हणतात. पण गाव बदललं की माणसाची बोली बदलते, खाणं बदलतं. या पेशींचंही तसंच होतं.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १२६ मेलॅनोमांच्या जनुकांची तुलना केली. त्यांनी चार गट पाडले होते : कायम उन्हात राहणारी त्वचा, अधूनमधून ऊन लागणारी त्वचा, तळवे-तळहात-नखं, आणि शरीराच्या आतली ओलसर अस्तरं. चारही गटांत जनुकांमधले बिघाड वेगवेगळे निघाले. इतके, की नुसता बिघाड बघून तो कुठल्या जागेवरचा असेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येत होता. एका नावाखाली अनेक आजार राहत होते.

ऊन कधी, किती आणि कुठे?

आधी उन्हातला मेलॅनोमा बघू, कारण जगभर सर्वांत जास्त रुग्ण याच प्रकारचे आहेत आणि त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त लिहिलं गेलंय.

इथेही एक कोडं होतं. ऊन हेच कारण असेल तर सगळ्यात जास्त मेलॅनोमा चेहऱ्यावर आणि हातांवर यायला हवेत, कारण ते कायम उघडे असतात. पण गोऱ्या समाजांत पुरुषांमध्ये तो बहुतेक वेळा पाठीवर, धडावर सापडतो आणि बायकांमध्ये पायांवर. एरवी कपड्यांत झाकलेल्या जागा या.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याचं एक उत्तर मांडलं, ते म्हणजे दोन वाटांचं. पहिली वाट आहे अधूनमधून होणाऱ्या उन्हाच्या माऱ्याची. वर्षभर ऑफिसात बसायचं आणि सुट्टीत दोन आठवडे किनाऱ्यावर पडून त्वचा सोलून घ्यायची. अंगावर खूप तीळ असलेल्या, तुलनेने तरुण माणसांत धडावर आणि पायांवर येणारा मेलॅनोमा बहुधा या वाटेने येतो. दुसरी वाट आहे वर्षानुवर्षं साचत जाणाऱ्या उन्हाची. शेतकरी, मच्छीमार, गवंडी. यांच्या चेहऱ्यावर, कानावर, मानेवर तो उतारवयात येतो. चेहऱ्यावरचा एक प्रकार तर सपाट तपकिरी डागासारखा कितीतरी वर्षं हळूहळू पसरत राहतो.

डोक्यावर केसांच्या आत येणाऱ्या मेलॅनोमाची गोष्ट आणखी वेगळी. तो उशिरा सापडतो आणि मानेवरच्या व डोक्यावरच्या मेलॅनोमाचा निकाल इतर जागांपेक्षा वाईट लागतो, असं अमेरिकेतल्या नोंदींत दिसलंय. आपल्या टाळूचा मागचा भाग आपण स्वतः कधीच बघत नाही. बघतो तो सलूनवाला. म्हणून परदेशात काही ठिकाणी हेअरड्रेसरना संशयास्पद डाग ओळखायला शिकवलं जातं. आयडिया आपल्याकडेही उचलण्यासारखी आहे.

उन्हातल्या मेलॅनोमाच्या जनुकांत उन्हाचे ठसे सापडतात. अतिनील किरणांनी डीएनए बिघडतो तेव्हा विशिष्ट पद्धतीच्या चुका मागे राहतात. अशा चुका इथे हजारोंनी असतात. सगळ्या कॅन्सरमध्ये सर्वाधिक चुका असलेल्या कॅन्सरांत याची गणना होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, औषधांकडे वळलो की ती परत लागेल.

तळवा, तळहात, नख

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ. टाचेला ऊन कुठे लागतं?

लागत नाही. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या प्रकल्पात १८३ मेलॅनोमांचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला गेला. त्वचेवरच्या नेहमीच्या मेलॅनोमांत उन्हाचे ठसे जागोजागी होते. तळवे, तळहात आणि शरीराच्या आतल्या अस्तरांतल्या मेलॅनोमांत मात्र ते ठसे फारसे नव्हतेच. तिथे वेगळाच गोंधळ दिसला. बारीक बारीक चुकांऐवजी गुणसूत्रांचे मोठमोठे तुकडे तुटलेले, उलटसुलट जोडलेले किंवा अनेक पटींनी वाढलेले. सोप्या भाषेत, उन्हातल्या मेलॅनोमात पुस्तकभर स्पेलिंग मिस्टेक असतात. तळव्याच्या मेलॅनोमात पानंच्या पानं फाटून भलतीकडे चिकटवलेली असतात.

या प्रकाराला म्हणतात अॅक्रल मेलॅनोमा. ग्रीकमध्ये 'आक्रॉन' म्हणजे टोक. हातापायांची टोकं. १९७० च्या दशकापर्यंत त्याला स्वतंत्र नावही नव्हतं. आणि यात एक महत्त्वाची गोष्ट आहे : अमेरिकेतल्या नोंदी बघितल्या तर अॅक्रल मेलॅनोमाचं प्रमाण गोऱ्या आणि काळ्या लोकांमध्ये जवळपास सारखंच आहे. सावळ्या माणसांना तो जास्त होतो असं नाही. आपल्याला उन्हातला मेलॅनोमा फारसा होत नाही, त्यामुळे जे काही थोडे रुग्ण असतात त्यांत टोकांवरच्या मेलॅनोमाचा वाटा मोठा होतो. भारत, चीन, जपान, आफ्रिका, सगळीकडे हेच चित्र.

मग टोकांवरच का? पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही, पण दोन धागे भन्नाट आहेत.

पहिला धागा जपानचा. तिथल्या डॉक्टरांनी तळव्यावरचे मेलॅनोमा नकाशासारखे मांडून पाहिले आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. टाच आणि बोटांखालचा चवडा, म्हणजे चालताना जिथे वजन पडतं तिथे ते जास्त होते. मधल्या कमानीत कमी. त्यामुळे सततच्या दाबाचा यात हात असावा अशी शंका आहे. शंका आहे, निकाल नाही.

दुसरा धागा आहे एका बोटभर माशाचा. झेब्राफिश हा पट्ट्यापट्ट्यांचा छोटा मासा प्रयोगशाळांचा लाडका. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी माणसाच्या अॅक्रल मेलॅनोमात वाढलेली जनुकं या माशाच्या रंगपेशींत घातली. त्यातलं सीआरकेएल नावाचं जनुक घातल्यावर कॅन्सर झाला तो मुख्यतः परांवर. आणि माशाचे पर म्हणजे आपले हातपाय! हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. कारण असं निघालं की परांतल्या रंगपेशींना आपण 'टोकावर' आहोत हे माहीत असतं. गर्भात शरीराचा आराखडा ठरवणारी हॉक्स नावाची जनुकं असतात, त्यांतली काही या पेशींत मोठेपणीही चालू राहतात. त्या पत्त्यावर सीआरकेएलचा बिघाड कॅन्सर घडवतो. पाठीवरच्या पेशीत तोच बिघाड तितकासा चालत नाही. पेशी आपला पत्ता विसरत नाही आणि बिघाडही पत्ता बघून काम करतो.

नखाचंही यातच येतं. बहुतेकदा हाताचा किंवा पायाचा अंगठा. नखात तळापासून टोकापर्यंत एक उभी काळसर रेघ उमटते. इथे घाबरून जाऊ नका, सावळ्या लोकांच्या नखांत अशा रेघा खूप कॉमन आहेत आणि त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात. अनेक नखांत सारख्या रेघा असतील तर काळजीचं कारण आणखी कमी. पण एकाच नखात नवी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा तिचा रंग नखाशेजारच्या त्वचेवर सांडल्यासारखा दिसायला लागला, तर डॉक्टर गाठायचा. ही शेवटची खूण एकोणिसाव्या शतकात जोनाथन हचिन्सन या इंग्रज सर्जनने सांगितली होती आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते.

जिथे आरसाही पोहोचत नाही

मेलॅनोमाचा आणखी एक पत्ता आहे तो शरीराच्या आतल्या ओलसर अस्तरांचा. नाकाची पोकळी, टाळू, हिरड्या, योनीमार्ग, गुदद्वार. जगभरात हे दुर्मीळ. पण भारतातल्या आणि पूर्व आशियातल्या हॉस्पिटलांच्या नोंदींत यांचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा बराच मोठा दिसतो. कारण तेच, उन्हातले रुग्ण कमी.

इथली अडचण लाजेची आहे. गुदद्वारातून रक्त पडलं की आपण ठरवून टाकतो, मूळव्याध. जाहिरातीतलं चूर्ण, कुणाच्या ओळखीतला 'हमखास इलाज', आणि महिनोन् महिने गप्प बसणं. मुलींच्या बाबतीत तर खालच्या भागातला डाग किंवा रक्तस्राव आईलाही सांगायचा संकोच वाटतो. हिरडीवरचा काळा डाग मशेरी किंवा तंबाखूच्या नावावर खपतो. बहुतेक वेळा ती खरंच मूळव्याध असते आणि डागही साधाच असतो. पण हे ठरवायला कुणीतरी डोळ्यांनी बघायला हवं. अंदाजाने भागत नाही.

नाकाच्या पोकळीतला मेलॅनोमा एकाच बाजूचं नाक चोंदणं आणि त्याच बाजूने वारंवार रक्त येणं, अशा साध्या तक्रारीने सुरू होतो. सायनस, ॲलर्जी असं म्हणत तीही तक्रार लांबते.

एकाच डोळ्यात दोन आजार

सगळ्यात चकित करणारा पत्ता म्हणजे डोळा. ऑलिव्हर सॅक्स हे प्रसिद्ध न्यूरॉलॉजिस्ट आणि लेखक. २००५ च्या डिसेंबरमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्यात मेलॅनोमा सापडला. उपचारांत त्या डोळ्याची दृष्टी गेली, पण त्यांनी पुढची नऊ वर्षं लिहिलं, पोहले, पियानो वाजवला. २०१५ च्या सुरुवातीला कळलं की कॅन्सर यकृतात पोहोचलाय. त्याच वर्षी ३० ऑगस्टला ते गेले.

नऊ वर्षं शांत राहून थेट यकृत गाठणं, ही डोळ्याच्या आतल्या मेलॅनोमाची रीतच आहे. त्वचेवरचा मेलॅनोमा बहुधा आधी जवळच्या लसिका ग्रंथींत जातो. पायावरचा जांघेत, हातावरचा काखेत. डोळ्याच्या आत लसिका वाहिन्याच नाहीत. त्यामुळे तो रक्तावाटे जातो आणि पसरला तर बहुतेक वेळा यकृतातच पसरतो. त्याचे जनुकीय बिघाडही निराळे. जीएनएक्यू आणि जीएनए-११ ही जनुकं बहुसंख्य रुग्णांत बिघडलेली सापडतात. त्वचेच्या मेलॅनोमात ती क्वचितच बिघडतात.

आणि आता खरी गंमत. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, त्यावरही मेलॅनोमा होऊ शकतो. तो मात्र वागतो त्वचेसारखा. त्यात उन्हाचे ठसे असतात, त्वचेतले बिघाड असतात आणि तो लसिका ग्रंथींकडे जातो. दोन जागांमध्ये अंतर काही मिलिमीटरचं आणि आजार दोन.

औषधही पत्ता विचारतं

हे सगळं फक्त अभ्यासकांच्या कुतूहलाचं राहिलेलं नाही. औषध कोणतं चालणार, हे यावर ठरतं.

२००२ मध्ये इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना दिसलं की बीरॅफ नावाचं जनुक मेलॅनोमात वारंवार बिघडतं. त्वचेवरच्या साधारण निम्म्या मेलॅनोमांत हा बिघाड असतो. त्यावर नेम धरणारी गोळी २०११ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. पण तळव्याच्या आणि आतल्या अस्तरांच्या मेलॅनोमात हा बिघाड बराच कमी. तिथे काही जणांत किट नावाचं जनुक बिघडलेलं असतं आणि त्यावर वेगळी औषधं वापरून बघता येतात. डोळ्याच्या आतल्या मेलॅनोमात बीरॅफची गोळी देण्यात अर्थच नसतो.

दुसरी मोठी क्रांती इम्युनोथेरपीची. शरीराच्या प्रतिकारशक्तीला लागलेला ब्रेक काढून टाकायचा आणि तिलाच कॅन्सरवर सोडायचं. याच शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. उन्हातल्या मेलॅनोमात ही थेरपी जोरात चालते. का, तर त्या हजारो स्पेलिंग मिस्टेक! प्रत्येक चुकीमुळे पेशी थोडी परकी दिसते आणि प्रतिकारशक्तीला ती ओळखता येते. तळव्याच्या मेलॅनोमात अशा चुका कमी, म्हणून सरासरी फायदाही कमी. डोळ्याच्या आतल्या मेलॅनोमात तर फारच कमी. त्यासाठी एक वेगळं औषध २०२२ मध्ये मंजूर झालं, टेबेन्टाफस्प. तेही विशिष्ट टिश्यू टाइप असलेल्या रुग्णांनाच उपयोगी पडतं.

थोडक्यात, बहुतेक मोठी औषधं ज्या मेलॅनोमासाठी आधी बनली, तो आपल्याकडे कमी आढळतो. आपल्याकडचे प्रकार जगभर मोजून थोडे, त्यामुळे त्यांच्यावरचा अभ्यासही उशिरा सुरू झाला. पण एक उपाय सगळ्या जागांवरच्या मेलॅनोमाला लागू पडतो आणि तो स्वस्तही आहे. लवकर सापडणं. मेलॅनोमा किती खोल गेलाय, हे मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरच्या आत असताना तो काढला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. इथे लाखोंचं इंजेक्शन लागत नाही. तळवा बघायला लागतात दोन मिनिटं.

दोन मिनिटांची उजळणी

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात :

तळपाय, टाचा, बोटांच्या बेचक्या आणि तळहात बघा. तळपाय दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा. पुढच्या महिन्यात तुलनेलाही तोच उपयोगी पडतो.

नेलपॉलिश काढलेल्या दिवशी वीसही नखं बघा. फुटबॉल, ट्रेकिंग किंवा घट्ट बुटांमुळे नख काळं पडलं असेल तर एक सोपी युक्ती आहे. नखाच्या वाढीबरोबर साकळलेलं रक्त पुढे सरकतं. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने. डाग पुढे सरकतोय आणि मागे स्वच्छ नख येतंय, तर बहुतेक मामला रक्ताचा. डाग तिथेच बसून असेल तर दाखवा.

पाठ आणि डोक्याचा मागचा भाग दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. हॉस्टेलमध्ये रूममेट, घरी आई किंवा बहीण.

तिळांच्या बाबतीत पाच गोष्टी बघा : दोन अर्धे एकमेकांशी जुळत नाहीत, कड वेडीवाकडी आहे, एकात अनेक रंग आहेत, आकार सहा मिलिमीटरच्या पुढे आहे, किंवा तो बदलतोय. पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आणि फक्त जुन्या तिळांवर नजर ठेवून भागणार नाही, कारण बहुतेक मेलॅनोमा कोऱ्या त्वचेवर नव्याने येतात. तळव्यावरचे काही तर काळेही नसतात, गुलाबी असतात. म्हणून साधा नियम : पायावरची जखम, भोवरी किंवा चामखीळ नेहमीच्या उपचाराने महिना-दीड महिन्यात बरी होत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

डाग काय आहे ते कळण्याआधी त्यावर बिब्बा, चुना-सोडा, ॲसिड लावू नका. पार्लरमध्ये तीळ जाळून घेऊ नका. जाळलेल्या डागाचा तुकडा तपासता येत नाही आणि आत राहिलेलं वाढत राहतं.

डॉक्टर डागावर टेकवतात त्या यंत्राला डर्मोस्कोप म्हणतात. बोटांच्या ठशांसारख्या रेघा तळव्यावरही असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा त्या रेघांमधल्या खाचांत असतो आणि मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. सुई नाही, दुखणं नाही. काकूच्या टाचेवर त्या डॉक्टर ताईंना हेच दिसलं होतं.

डोळ्यांत झगमग दिसणं, एका बाजूची नजर अंधारणं, बुबुळावर नवा डाग, यांसाठी चष्म्याच्या नंबरावर थांबू नका. बाहुली मोठी करून मागचा पडदा तपासून घ्या.

आणि सनस्क्रीन? लावा की. टॅनिंगसाठी, डागांसाठी, त्वचेसाठी ते चांगलंच आहे. फक्त त्याने तळव्याची काळजी मिटली असं समजू नका.

काकूच्या टाचेचा मोठा भाग काढावा लागला. तिथे पायाचीच त्वचा फिरवून लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. गाठींपैकी दोनांत कॅन्सर पोहोचला होता. पुढे वर्षभर इंजेक्शनं झाली, त्यासाठी वावराचा एक तुकडा गेला. आता दर सहा महिन्यांनी तपासणी असते. काठी घेऊन चालते, मऊ तळाची चप्पल वापरते आणि उंबऱ्यापलीकडे अनवाणी जात नाही.

पण तिने एक नवीच रीत सुरू केलीये. घरी कुणी आलं की पाणी देते, चहा टाकते आणि म्हणते, "पाय वर घे बघू." पहिल्यांदा सगळे हसतात. पाहुणे अवघडतात. गेल्या वर्षी शेजारच्या सुनेच्या तळव्यावर तिला एक काळा ठिपका दिसला. काकू तिला स्वतः त्याच डॉक्टर ताईंकडे घेऊन गेली. साधा तीळ निघाला. परत येताना दोघींनी स्टँडवर भजी खाल्ली.

मी विचारलं, "उगाच गेली की चक्कर, काकू?"

"उगाच कशी?" ती म्हणाली. "माझ्या टायमाला कुणी नेलं असतं तर मीबी भजी खाऊनच आले असते."